शेवग्याला बांधलेली वावडी

डॉक्टरांनी तात्यांना पळू नका म्हणून सांगितलं, तो गुरुवार होता. काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, बाजारात मळ्यातलं माळवं विकून दवाखान्यात आल्या होत्या. मी दाराशी उभा होतो. डॉक्टर म्हणाले, छातीत दुखलं ते हृदयाचं दुखणं आहे. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, खांद्याच्या वर हात न्यायचे नाहीत. पुन्हा दुखलं तर सांगता येत नाही. तात्यांनी विचारलं, "आन् पतंग?" डॉक्टर म्हणाले, "तोही नाही."

बाहेर आल्यावर काकी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन पुढं चालू लागल्या. तात्या मागं राहिले आणि मला हळूच म्हणाले, "ह्या डॉक्टरला पतंगातलं काय कळत न्हाय. पळतंय कोण?"

तात्या बारामतीच्या ज्या शाळेत गणित शिकवत, तिथं मी मराठी शिकवायला लागलो होतो. मी इंदापूरचा. पहिलीच नोकरी, ओळखीचं कोणी नाही, म्हणून तात्यांनी जळोचीतल्या आपल्या घराची पडवीलगतची खोली मला राहायला दिली. जळोची तेव्हा बारामतीला लागलेली नव्हती. मधे बरंच रान होतं. कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करणारी घरं होती, त्यांतलंच हे एक. शेती काकी बघत. पाण्याची पाळी कधी, घेवडा कधी तोडायचा, वांगी बाजाराला न्यायची की व्यापाऱ्याला द्यायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात. तात्यांच्या डोक्यात वारा होता. त्यांच्या कोटाचे खिसे पतंग चिकटवायच्या खळीनं इतके कडक झालेले असत की कोट खुंटीला लावला तरी खिसे पोट फुगवून उभे राहत.

सकाळी उठले की ते शेजाऱ्यांच्या चुली बघायला निघत. धूर कुठं वाकतो, केवढा वर जाऊन मोडतो, कौलाला घासून जातो की सुटा उठतो, यावरून त्या दिवसाचा वारा ते ठरवत. कुणाच्या घरावर धूर दिसला नाही तर दारात उभं राहून विचारत, "वैनी, चूल पेटली का न्हाय?" विचारण्याचा हेतू शास्त्रीय असे, पण ऐकणारीला त्याचा एकच अर्थ लागे. ती आत जाऊन चहाचं आधण ठेवी. चूल पेटे, धूर निघे, तात्यांना वारा कळे आणि वर कपभर चहा मिळे. नको म्हणणं त्यांना जमत नसे. काकी म्हणत, "घरात दूध नासतंय आन् हे गावभर चा मागत हिंडत्यात."

त्यांच्या पतंगांना कागद शाळेतून मिळे. जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत जाण्याआधी तात्या उचलून आणत, खळीनं जोडत आणि त्यांचे पतंग करत. खळीत मोरचूद घालत, म्हणजे उंदीर लागत नाहीत. त्यामुळं कडा निळसर दिसत आणि मधे लाल शाईचे गुण. एकदा एका मुलाचा बाप शाळेत आला. रागावलेला नव्हता, काकुळतीला आलेला होता. "तात्या, पोरगं गणितात गेलं, ते आमी घरात ऐकून घेतलं. आता ते वर चढवून समद्या आळीला कशापायी दावता?" तात्यांनी त्याला खरोखर मनापासून सांगितलं, "अहो, पण तुमच्या पोराचा कागद लई चांगला उडतो. त्यानं फारसं लिहिलंच नव्हतं. शाईचं वजन न्हाय." तो नमस्कार करून गेला.

पतंगाच्या कण्यासाठी त्यांना बांबू चालत नसे. आडवी कामटी बांबूची, पण उभा कणा उसाच्या तुऱ्याच्या दांड्याचा, असा त्यांचा नियम. दांडा हलका, सरळ, आत भुसभुशीत. हिवाळ्यात ते सायकल काढून भवानीनगरच्या बाजूला उसाच्या फडाफडांतून तुरे शोधत फिरत. आता उसाला तुरा येणं ही मालकाला भूषणाची गोष्ट नव्हे. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडतो, वजन उतरतं. त्यामुळं तात्यांची सायकल ज्याच्या बांधाला टेकलेली दिसे, त्याचा ऊस तुऱ्यावर गेला हे न सांगता सगळ्यांना कळे. लोक त्यांना लांबूनच वाटेला लावत. एकदा मी बरोबर होतो. मालक बांधावर हात पसरून आडवा उभा राहिला. "तात्या, माज्या उसाला तुरा न्हाय. तुमी पुढं जावा." त्याच्या डोक्यामागं सगळा फड पांढरा होऊन डुलत होता. तात्या त्या डुलण्याकडं बघत म्हणाले, "न्हाय कसा?" मालक वळूनही न बघता म्हणाला, "न्हाय म्हंजी न्हाय. आन् असला तर चार काढून घ्या, पण सायकल आत घ्या आधी."

त्यांची लेक निमगाव केतकीला दिली होती. मी सुट्टीला इंदापूरला निघालो की कधी कधी ते त्याच एसटीत बसून लेकीकडं येत. एकदा नातवासाठी त्यांनी शाळेची नवी पाटी घेतली होती. भवानीनगर सोडलं आणि गाडीनं वेग धरला, तशी तात्यांनी ती पाटी दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेर काढली. "मास्तर, बगा. उभी धरली की मागं ढकलती. आडवी धरली की काईच न्हाय. आता जराशी तिरकी." पाटी त्यांच्या हातांसकट वर उठली. "वारा ढकलतो, हात अडवतो. मग तिला जायला एकच वाट उरती. वरची. पतंग म्हंजी एवढंच. बाकी समदा कागद." मागून कंडक्टर ओरडला, "ओ म्हातारबा, पाटी आत घ्या! समोरनं उसाची गाडी आली तर हात हितंच ठिवून निमगावला उतरावं लागंल!" तात्यांनी पाटी आत घेतली आणि त्यालाही समजावून सांगायला सुरुवात केली. त्यानं निमूटपणे सगळं ऐकलं आणि तात्यांना उतरवताना म्हणाला, "पण तात्या, मग ही माजी गाडी का उडत न्हाय?" तात्या त्या प्रश्नानं इतके खूश झाले की एसटी निघाली तरी ते रस्त्यात उभं राहून उत्तर देत होते.

पतंग पडला तर पतंगाला दोष देऊ नये, मंगळसूत्र बघावं, असं ते म्हणत. पतंगाच्या कण्याला वरखाली दोन ठिकाणी बांधलेला दोरा जिथं एकत्र येतो, त्या बांधणीला सगळे मंगळसूत्रच म्हणतात. त्याच्या गाठीवर पतंगाचा तिरकेपणा ठरतो. गाठ नखभर खाली घेतली की पतंग वाऱ्याला छाती देतो, मंद वाऱ्यातही उठतो, पण वारा वाढला की बेफाम ओढतो. नखभर वर घेतली की निजून, शांत उडतो. तात्या ती गाठ पुन्हापुन्हा चाचपत. काकी चुलीपाशी बसून म्हणत, "त्या पतंगाचं मंगळसूत्र दिसभर बगत्यात. माज्याकडं कवा बगितलं व्हतं, इचारा मास्तर."

तर अशा माणसाला डॉक्टरांनी पतंग बंद केला.

घरी येताच काकींनी दोऱ्याची फिरकी सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागं ठेवली. "हात वर न्यायचा न्हाय ना? मग ऱ्हाऊ दे तितं." जेवताना तात्या मान वर करून फळीकडं बघत बसत. "भाकरी ताटात हाय," काकी म्हणत. मग ते खाली बघत.

काही दिवसांनी त्यांनी वर बघणंही सोडलं. शाळेत जात, शिकवत, येऊन बाजेवर बसत. सकाळी धूर बघायला जाईनासे झाले. शेजारणी विचारू लागल्या, "तात्या चाला येत न्हाईत, रागावलं का काय?" मला वाटलं होतं, काकींना बरं वाटत असेल. पण एका संध्याकाळी त्या घेवडा निवडता निवडता मला म्हणाल्या, "मास्तर, ह्यास्नी कायतरी करू द्या बाई. गप बसल्यालं माणूस मला बगवत न्हाय. जीव जायाचा तो जाईलच, पर आसा रोज थोडा थोडा नगं."

त्या रात्रीच्या जेवणाला बोलणं झालं. तात्या भराभर बोलू लागले, जणू सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. "मी हात लावणार न्हाय. एकच मोठा पतंग करतो, शेपटाची वावडी. पळायला नगं, हिसकं द्यायला नगं. मास्तर नुसती धरून उभं ऱ्हातील, ती आपल्या आपण उठंल. दोरा झाडाला बांधायचा. मी बाजेवर बसून बगणार. माणूस मधे मधे करतो म्हणून पतंग पडतो. माणूस काढून घेतला तर ती दिवस मावळंस्तवर पडायची न्हाय. हे मला एकदा बगायचंय."

"बगायचंच हाय तर कावळं बगा," काकी म्हणाल्या.

"कावळं पंख हलवत्यात."

काकींनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाल्या, "पंचमीला. एकच दिस. बाजेवरनं उठायचं न्हाय. उठलासा तर मी त्या वावडीचं जळण करीन." आणि मला म्हणाल्या, "मास्तर, काडा ती फिरकी खाली."

आषाढभर वावडी चालली होती. माणसाच्या छातीला येईल एवढी. कणा तुऱ्याच्या दांड्याचा, वर वाकवलेली कामटी, कागद यावेळी कोरा. शेपटाला काय लावावं, यावर तात्या विचार करत बसले होते, तर काकींनी जुनं लुगडं आणून टाकलं आणि वावरात निघून गेल्या. मागच्या पडीक वावरात आमचे प्रयोग होत. तात्या बाजेवर, मी वावडी धरून लांब. "मास्तर, ती वावडी हाय, नैवेद्याचं ताट न्हवं! एवढं जपून धरू नका. वारा आला की सोडा, निस्तं सोडा!" मी सोडत असे, वावडी गिरकी घेऊन मातीत नाक खुपसत असे, तात्या बाजेवर हात आपटत, आणि मग गाठ नखभर सरके. एके दिवशी मी बोटं उघडली आणि ती माझ्या हातातून सरळ वर गेली. मी एक पाऊलही टाकलं नव्हतं. मी पुस्तकात वाचलेलं पुष्कळ काही तोपर्यंत खरं मानत होतो; हे पहिल्यांदा हातानं मानलं.

आमच्याकडं पतंगांचा सण नागपंचमी. बाया वारुळाला जातात, झाडांना झोके बांधतात, आणि वर आभाळात पोरांचे पतंग. त्या दिवशी घरात चिरणं, कापणं, तळणं, भाजणं काही करायचं नाही. काकींचं हे फार कडक. आदल्या संध्याकाळीच त्यांनी विळी, कोयता, खुरपी, माझा दाढीचा वस्तरासुद्धा गोळा करून माळव्याच्या पाटीखाली झाकून ठेवला. भाजी हातानं मोडलेली, जेवायला उकडलेले पुरणाचे दिंड.

वावडी कडुलिंबाला बांधायचं ठरलं होतं. पण सकाळी बघतो तर कडुलिंबाला आळीतल्या बायांचा झोका. तो काही सोडता येत नव्हता. तात्यांनी अंगणातल्या शेवग्याकडं बोट केलं. काकी म्हणाल्या, "शेवगा? शेंग काडाय गेलं तर फांदी हातात येती." तात्या म्हणाले, "फांदीला कोण बांधतंय? खोडाच्या बेचक्यात बांधू. आन् बाजेवरनं समोर दिसतो." त्यांना ती समोर दिसायला हवी होती. मी दोरा बेचक्यात पक्का बांधला. त्यांनी बसल्या बसल्या गाठ सकाळच्या मंद वाऱ्याला जुळेल अशी खाली घेतली. मी वावडी धरली, सोडली, ती उठली.

सबंध सकाळ ती वर उभी होती. तात्या मांड्यांवर हात ठेवून बसले होते. झोक्यावरच्या बाया गाणी म्हणत होत्या, काकी त्यांच्यात होत्या, आणि अधूनमधून मान वळवून आधी बाजेकडं आणि मग वर बघत होत्या. मी तात्यांच्या पायाशी पुस्तक घेऊन बसलो होतो. दुपारी ते म्हणाले, "मास्तर, बगा. कुणीबी धरल्यालं न्हाय." त्यांचा आवाज मुलासारखा झाला होता.

मग ढग आले आणि वारा वाढला. दोरा वाजू लागला. तात्या पुढं सरकून बसले. "गाठ सकाळच्या वाऱ्याची हाय, आन् वारा दुपारचा आला," ते म्हणाले. गाठ आता आभाळात होती, तिला कोण हात लावणार? शेवगा एकदा वाकला, दुसऱ्यांदा वाकला आणि बेचक्यातून उभा चिरला. चिरलेली फांदी दोऱ्यासकट अंगणातून फरफटत निघाली.

तात्या उठले. मी उठायच्या आत त्यांनी दोरा पकडला होता आणि तळहाताला वेढा दिला होता. वावडीनं हिसका दिला, तसे त्यांचे दोन्ही हात डोक्याच्या वर गेले आणि ते पळू लागले. म्हणजे तीच त्यांना पळवत होती. मी मागून दोरा धरला. माझ्या ओढीनं वेढा त्यांच्या हातात आणखी रुतला. "सोडा तात्या!" मी म्हणत होतो. "सोडायचा न्हाय, मास्तर, सोडायचा न्हाय!" ते म्हणत होते. त्यांचे ओठ काळे पडत चालले होते.

झोक्यावरून उतरून काकी आमच्याकडं आल्या नाहीत. त्या घरात गेल्या. पाटी भिरकावल्याचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत विळी होती, पाटासकट उचललेली. झोक्यावरची एक म्हातारी ओरडली, "आगं, पंचमीला! काय करतीस?" काकींनी ताणलेल्या दोऱ्याखाली विळी धरली आणि वर ओढली. दोरा तुटला. तात्या आणि मी चिखलात पडलो.

"नागोबाला काय सांगायचं ते मी सांगीन," काकी म्हणाल्या. मग विळी टाकून त्या तात्यांच्या हाताचा वेढा सोडवत बसल्या.

वावडी कुठंतरी वर निघून जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. तिनं कोलांट्या घेतल्या आणि कालव्याच्या पलीकडं जाऊन पडली. बाजेवर आडवं केल्यावर बऱ्याच वेळानं तात्यांचा श्वास खाली बसला, तेव्हा ते म्हणाले, "बगितलंत मास्तर? सुटली की पडली."

"पडू द्या," काकी म्हणाल्या.

त्यानंतरचा हिवाळा मला त्यांचा सगळ्यात चांगला काळ वाटतो. तात्यांनी वीतवीतभराचे पतंग करायला घेतले. दोरा काकी धरायच्या, उंबऱ्यावर बसून, आजूबाजूला कोणी नाही हे बघून. "ढील दे. आता थांब. आगं, वड की जरा," तात्या म्हणत. "तुमी गप ऱ्हावा, मला कळतंय," काकी म्हणत. त्यांना खरंच कळत होतं. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता. आणि तात्या पुन्हा धूर बघायला, म्हणजे चहा प्यायला, जाऊ लागले होते.

माघात एका सकाळी ते असेच चहा पिऊन आले, भिंतीला टेकून बसले आणि गेले.

दहाव्याला बायांत कुजबुज झाली. पंचमीला विळी चालवली, घरधनी गेला. कोणी ते काकींना ऐकू जाईल असं बोललं, कोणी जाणार नाही असं. पुढं माझी बदली इंदापूरला झाली. मी येत-जात राहिलो. ते बोलणं थांबलं नाही, नुसतं जुनं झालं. नव्या सुनांना सांगायची एक गोष्ट झाली. पंचमीला विळी झाकून ठेवा, त्या अमक्या म्हातारीचं काय झालं माहीत आहे ना.

काकी पुष्कळ जगल्या. शेवटच्या भेटीत, माझा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी व्हता तितं. मी कापलं ते चुकलं व्हय?"

मी म्हणालो, "नाही काकी. तुम्ही कापलं म्हणून तात्या त्या दिवशी वाचले. माघापर्यंत जगले ते त्यामुळंच."

"मला म्हाईत हाय ते," काकी म्हणाल्या. "पर कुणीतरी म्हणाया पायजे व्हतं."

त्या गेल्याला वर्ष होत आलं. जळोचीतलं ते घर पाडलं आहे आणि रानात वस्ती झाली आहे. त्या दुपारी दोऱ्यापाशी आम्ही तिघं होतो. आता मी एकटा आहे.